मुस्तफा झितुनी : विश्वचषक सोडून गेलेला बचावपटू

१६ एप्रिल १९५८ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांच्यात फुटबॉलचा सामना होता. जून महिन्यात स्वीडनमध्ये विश्वचषक स्पर्धा भरणार होती आणि फ्रान्सचा संघ तिची तयारी करीत होता. बचावफळीच्या मध्यभागी मुस्तफा झितुनी खेळणार, असे सगळेच धरून चालले होते. सामना दोन दिवसांवर आला असताना झितुनी फ्रान्समधून निघून गेले. हिजरी सन १३७७ चा रमजान महिना चालू होता. शेवटचा अशरा लागला होता आणि ईद आठवड्याच्या आत येऊन ठेपली होती.

झितुनी एकटे गेले नव्हते. मोनॅको, सेंट एतियन, तुलूझ, लियाँ, आँजे अशा क्लबांमधून खेळणारे अल्जेरियन खेळाडू त्याच दोन-तीन दिवसांत दिसेनासे झाले. ते सारे ट्युनिस शहरात जमले, तेव्हा फ्रान्सला उलगडा झाला. अल्जेरियाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीने, म्हणजे एफएलएनने, स्वतःचा फुटबॉल संघ उभा केला होता. ज्या देशाला जगाच्या नकाशावर अजून जागा नव्हती, त्या देशाचा तो संघ होता.

झितुनी यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९२८ रोजी अल्जियर्समध्ये झाला. झितुनी हे आडनाव जैतूनच्या झाडावरून आलेले आहे. त्यांच्या जन्माच्या वेळी अल्जेरियावर फ्रेंच सत्ता येऊन जवळजवळ शंभर वर्षे होत आली होती. १८३० साली फ्रेंच फौजा तिथे उतरल्या आणि पुढे फ्रान्सने त्या भूमीला वसाहत न म्हणता आपल्याच देशाचा भाग म्हटले. पण देश एक म्हटला, तरी माणसे एका मापाने मोजली जात नव्हती. १९४७ साली अल्जेरियासाठी १२० जागांची विधानसभा ठरली. त्यातल्या ६० जागा सुमारे दहा लाख युरोपीय रहिवाशांना मुख्यतः मिळाल्या आणि उरलेल्या ६० जागा त्यांच्याहून कितीतरी पटीने जास्त असलेल्या मुस्लिमांना. त्याआधी, ८ मे १९४५ रोजी, दुसरे महायुद्ध युरोपात संपल्याचा आनंद साजरा होत असताना सेतीफ आणि गेल्मा भागात स्वातंत्र्याच्या घोषणा झाल्या. मिरवणुकीतून दंगल उसळली, युरोपीय रहिवासी मारले गेले आणि मग जी दडपशाही झाली तिच्यात हजारो मुस्लिम प्राणाला मुकले. त्या वेळी झितुनी सोळा वर्षांचे होते.

अशा वातावरणात अल्जियर्सच्या गल्ल्यांमधील मुलांना फुटबॉलचे मैदान हीच एक मोकळी जागा वाटे. तिथे आडनाव विचारले जात नसे, पायातले कसब पाहिले जाई. फ्रान्समधील क्लब अल्जेरियात नजर ठेवून असत आणि चांगला खेळाडू दिसला की त्याला समुद्रापलीकडे बोलावून घेत. झितुनीही या वाटेने गेले. १९५३ मध्ये ते दक्षिण फ्रान्समधील कान शहराच्या क्लबात दाखल झाले आणि पुढच्याच वर्षी मोनॅकोला आले. मोनॅको हे स्वतंत्र संस्थान असले, तरी त्याचा क्लब फ्रान्सच्या साखळी स्पर्धेत खेळतो. पुढची चार वर्षे झितुनी त्या क्लबच्या बचावाचा कणा होते.

त्या काळच्या फुटबॉलमध्ये मागे तीन बचावपटू असत आणि मधल्याला सेंटर हाफ म्हणत. प्रतिस्पर्ध्याचा सर्वात धोकादायक खेळाडू, म्हणजे मधला आघाडीपटू, त्याच्या वाट्याला येई. तो चुकला तर मागे फक्त गोलरक्षक उरे. आघाडीपटूने नव्वद मिनिटांत एकदा गोल केला तरी त्याचे नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत छापले जाई. सेंटर हाफने एकोणनव्वद मिनिटे अचूक खेळ केला आणि एका क्षणी पाय घसरला, तर लोकांच्या लक्षात तो क्षण राही. या जागेसाठी ताकद लागे, उंच आलेला चेंडू डोक्याने परतवण्याची हिंमत लागे आणि सर्वात जास्त सब्र लागे. समोरचा हुलकावणी देत असताना आधी पाय टाकणारा फसतो, थांबणारा जिंकतो. झितुनी थांबणाऱ्यांपैकी होते. चेंडू कुठे येणार हे ते आधी ओळखत, म्हणून त्यांना धावपळ करावी लागत नसे. चेंडू मिळाल्यावर तो आंधळेपणाने दूर भिरकावण्याऐवजी आपल्या माणसाच्या पायाशी पोचवण्याची त्यांना सवय होती.

ऑक्टोबर १९५७ मध्ये ते प्रथम फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातून खेळले. त्यांचा चौथा सामना १३ मार्च १९५८ रोजी पॅरिसमध्ये स्पेनविरुद्ध झाला. स्पेनच्या संघात आल्फ्रेडो डी स्टेफानो होता. तो त्या वेळी युरोपातला सर्वात मोठा खेळाडू मानला जाई आणि त्याच्या रेआल माद्रिद क्लबने युरोपियन चषक लागोपाठ दोनदा जिंकलेला होता. डी स्टेफानोला रोखण्याचे काम झितुनी यांच्याकडे आले आणि त्यांनी ते इतके चोख केले की सामना २-२ असा बरोबरीत सुटल्यावर चर्चा झाली ती झितुनी यांचीच. रेआल माद्रिदला ते हवे आहेत, अशी बोलवा उठली. अल्जियर्सच्या गल्लीत खेळलेला मुलगा आता युरोपच्या सर्वोत्तम क्लबच्या आणि विश्वचषकाच्या दारात उभा होता. वय होते एकोणतीस. बचावपटूच्या आयुष्यातली ती ऐन उमेदीची वर्षे असतात. शरीर अजून साथ देते आणि खेळाची समज पक्की झालेली असते.

दुसरीकडे त्यांच्या मायदेशात युद्ध पेटले होते. १ नोव्हेंबर १९५४ रोजी एफएलएनने सशस्त्र लढा पुकारला. १९५७ मध्ये अल्जियर्समध्ये फ्रेंच छत्रीधारी सैनिकांनी घरोघर झडती घेतली, हजारोंना पकडले आणि छळाच्या कहाण्या फ्रान्सपर्यंत पोचल्या. एफएलएननेही बॉम्ब ठेवले, त्यात कॅफेमध्ये बसलेली निरपराध माणसे मेली. फ्रान्समध्ये मजुरी करणारे लाखो अल्जेरियन आपल्या कमाईतला वाटा लढ्यासाठी देत होते आणि फुटबॉलपटूही त्याला अपवाद नव्हते. युद्धाची झळ मैदानालाही लागली. २६ मे १९५७ रोजी पॅरिसजवळ फ्रेंच चषकाचा अंतिम सामना झाला. तुलूझने आँजेला हरवले. तुलूझच्या संघात अल्जेरियन खेळाडू होते. सामना पाहून बाहेर पडताना अली शेक्कल या फ्रान्सधार्जिण्या अल्जेरियन नेत्याची गोळी घालून हत्या झाली.

अल्जेरियन खेळाडूंची अवस्था यामुळे मोठी चमत्कारिक झाली. रविवारी स्टेडियममध्ये हजारो फ्रेंच लोक त्यांच्या नावाचा जयघोष करीत. सोमवारी त्याच शहरात पोलीस त्यांच्या देशबांधवांना रस्त्यात उभे करून झडती घेत. फ्रान्सची जर्सी घालून झितुनी राष्ट्रगीताला उभे राहत, तेव्हा त्याच राष्ट्राचे सैन्य त्यांच्या जन्मगावात होते.

एफएलएनचा संघ उभा करण्याची जबाबदारी मोहम्मद बूमेझराग यांनी उचलली. ते स्वतः फ्रान्समध्ये फुटबॉल खेळलेले होते. त्यांचा हिशेब सरळ होता. डोंगरातील लढाईची बातमी फ्रेंच माणूस वाचेल आणि विसरेल, पण त्याच्या आवडत्या क्लबचा आवडता खेळाडू जर सगळे सोडून निघून गेला, तर का गेला हा प्रश्न त्याला पडेलच. त्यासाठी नाव असलेले खेळाडू हवे होते. झितुनी यांच्याइतके नाव फार थोड्यांचे होते. राष्ट्रीय संघातला खेळाडू विश्वचषकाच्या तोंडावर निघून गेला, तर ती बातमी जगभर जाणार होती. बूमेझराग यांनी एकेका खेळाडूला गाठले आणि एप्रिलचा मुहूर्त ठरला.

खेळाडूंनी काय द्यायचे होते, हे त्यांना नीट ठाऊक होते. पगार, घर, मोटार, पेन्शनची आशा, आणि परत फ्रान्समध्ये पाय ठेवण्याचा मार्ग. त्या काळी फ्रान्समधील व्यावसायिक खेळाडू वयाच्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत आपल्या क्लबशी बांधलेला असे. करार मोडून गेलेल्याला दुसरा क्लब घेऊ शकत नव्हता. सैन्यातली सक्तीची नोकरी चालू असलेल्यांवर तर पळपुटेपणाचा खटला चालणार होता. त्या बदल्यात मिळणार होते ट्युनिसमध्ये राहायला घर, साधारण वेतन आणि ज्यांना कोणतीही संघटना मान्यता देणार नाही असे सामने.

काही अल्जेरियन खेळाडू फ्रान्समध्येच राहिले. कोणाचे बिऱ्हाड, कोणाचे म्हातारे आईवडील, कोणाची लहान मुले. प्रत्येकाच्या अडचणी वेगळ्या होत्या. म्हणूनच जे गेले त्यांचा निर्णय सोपा समजू नये.

मोनॅकोच्या खेळाडूंना भूगोलाने मदत केली. इटलीची सरहद्द तिथून हाकेच्या अंतरावर होती. झितुनी यांच्याबरोबर त्याच क्लबचे अब्देलअझीझ बेन तिफूर, कद्दूर बेखलूफी आणि गोलरक्षक अब्देररहमान बूबेकूर होते. बेन तिफूर १९५४ च्या विश्वचषकात फ्रान्सच्या चमूत होते. ही मंडळी इटलीत शिरली, रोमला पोचली आणि तिथून ट्युनिसला गेली. त्यांच्याच क्लबचा हसन शब्री मात्र सरहद्दीवर पकडला गेला.

दुसरी तुकडी स्वित्झर्लंडच्या वाटेने निघाली. तिच्यात सेंट एतियनचा एकवीस वर्षांचा रशीद मेखलूफी होता. नुकत्याच झालेल्या सामन्यात त्याच्या डोक्याला मार बसला होता आणि तो इस्पितळात होता. मोख्तार अरिबी आणि अब्देलहमीद करमाली यांनी त्याला तिथूनच सोबत घेतले. मेखलूफी त्या वेळी फ्रेंच सैन्यात सक्तीची नोकरी करीत होता, त्यामुळे पकडला गेला असता तर त्याची सुटका नव्हती. सरहद्दीवरच्या शिपायाने त्याला खेळाडू म्हणून ओळखले. पण बातमी अजून तिथवर आली नव्हती, म्हणून त्याने त्यांना जाऊ दिले. रीम्स क्लबचा मोहम्मद माऊश मात्र पकडला गेला. शब्री आणि माऊश यांना तुरुंगवास घडला, आणि सुटल्यावर पुढे दोघेही याच संघात येऊन मिळाले.

फ्रान्समध्ये खळबळ उडाली. काहींना ही कृतघ्नता वाटली. ज्या देशाने नाव आणि पैसा दिला त्याच्याकडे पाठ फिरवली, असा राग व्यक्त झाला. काहींनी मात्र पहिल्यांदाच विचार केला, की इतके सगळे असलेला माणूस हे सगळे टाकून जातो तेव्हा त्यामागे काहीतरी खरे दुखणे असले पाहिजे. बूमेझराग यांना हाच विचार पेरायचा होता. फ्रेंच संघाने पक्की केलेली जागा १६ एप्रिलला दुसऱ्याने भरली आणि स्वित्झर्लंडविरुद्धचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला.

जूनमध्ये फ्रान्सचा संघ झितुनी यांच्याविना स्वीडनला गेला आणि अपेक्षेपलीकडे चमकला. जुस्त फाँतेनने एका स्पर्धेत १३ गोल केले. हा विक्रम अजून कोणाला मोडता आलेला नाही. उपांत्य सामना ब्राझीलशी होता. १-१ अशी बरोबरी असताना फ्रान्सचा सेंटर हाफ रोबेर जाँके जबर जखमी झाला. त्या काळी बदली खेळाडू उतरवण्याची मुभा नव्हती. फ्रान्स जवळपास दहा जणांनिशी खेळला, सतरा वर्षांच्या पेलेने तीन गोल केले आणि ब्राझील ५-२ असा जिंकला. जाँके ज्या जागी पडला, ती झितुनी यांची जागा होती. ते असते तर काय झाले असते, याचा हिशेब फ्रान्समध्ये नंतर अनेक वर्षे मांडला गेला. फ्रान्सने तिसरा क्रमांक मिळवला.

या सगळ्यात मैत्री तुटली नाही, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्वीडनमधून फ्रेंच संघातील जुन्या सोबत्यांनी ट्युनिसला एक पोस्टकार्ड पाठवले. ज्यांच्या सरकारशी झितुनी यांच्या देशाचे युद्ध चालू होते, त्यांच्याच संघातील खेळाडूंनी त्यांची आठवण ठेवली. झितुनी यांचेही भांडण राजवटीशी होते, त्या माणसांशी कधीच नव्हते.

ट्युनिसमध्ये मे १९५८ मध्ये एफएलएनच्या संघाने पहिले सामने खेळले. जागतिक फुटबॉल संघटना फिफाने त्याला मान्यता नाकारली आणि त्याच्याशी खेळणाऱ्या देशांना कारवाईचा इशारा दिला. त्यामुळे अनेक यजमानांनी आडवाट काढली. राष्ट्रीय संघ उतरवण्याऐवजी कधी कामगार संघटनांचा, कधी लष्कराचा, कधी शहराचा निवडक संघ मैदानात येई. ट्युनिसिया, मोरोक्को, लिबिया, इराक, जॉर्डन, बल्गेरिया, रुमानिया, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, सोव्हिएत संघ, चीन, उत्तर व्हिएतनाम असा प्रवास चार वर्षे चालला. ऐंशीहून अधिक सामने झाले आणि त्यांतले बहुतेक जिंकले गेले. बेलग्रेडमध्ये या संघाने यजमानांना ६-१ असे हरवले. हनोईमध्ये हो ची मिन्ह यांनी खेळाडूंची भेट घेतली. हिरवा-पांढरा ध्वज, त्यावर लाल चंद्रकोर आणि तारा. हा ध्वज अनेक शहरांनी पहिल्यांदा पाहिला तो फुटबॉलच्या मैदानावर. ध्वज लावायचा की नाही, गीत वाजवायचे की नाही, यावर काही ठिकाणी यजमानांना संकोच पडे. खेळाडू मात्र त्या दोन गोष्टींसाठी अडून बसत, कारण सामना खेळण्याचे कारणच ते होते.

बाहेरून हे रोमांचक दिसते. आतून ती चार वर्षे कठीण होती. लांबचे प्रवास, महिनोन्महिने घरापासून दूर, साखळी स्पर्धा नाही, चषक नाही, क्रमवारी नाही. युरोपच्या पहिल्या दर्जाच्या आघाडीपटूंना रोखण्याची सवय असलेला बचावपटू एखाद्या कामगार संघटनेच्या संघाविरुद्ध आठ-दहा गोलांच्या फरकाने जिंकतो, तेव्हा त्याच्या कौशल्याला गंज चढू लागतो. आघाडीवर खेळणाऱ्या मेखलूफीसारख्या तरुणाच्या हातात अजून वर्षे होती. झितुनी यांच्या बाबतीत तसे नव्हते. त्यांचे तिसावे, एकतिसावे, बत्तिसावे वर्ष याच प्रवासात गेले. ज्या वर्षांत रेआल माद्रिदने आणखी युरोपियन चषक जिंकले, त्या वर्षांत झितुनी हनोई आणि बेलग्रेडच्या मैदानांवर खेळत होते.

मार्च १९६२ मध्ये युद्धबंदी झाली आणि ५ जुलै १९६२ रोजी अल्जेरिया स्वतंत्र झाला. संघाचे काम संपले. काही खेळाडू पुन्हा युरोपात गेले. मेखलूफी आधी स्वित्झर्लंडमध्ये खेळला आणि नंतर सेंट एतियनला परतला. आपल्याला शिव्या पडतील या भीतीने तो मैदानात उतरला, पण त्याच प्रेक्षकांनी त्याला पुन्हा आपलेसे केले. झितुनी यांनी अल्जियर्समध्येच राहून कुबा या उपनगराच्या क्लबकडून खेळणे पत्करले. स्वतंत्र अल्जेरियाच्या राष्ट्रीय संघातही ते खेळले. १ जानेवारी १९६४ रोजी अल्जियर्समध्ये अल्जेरियाने पश्चिम जर्मनीला २-० असे हरवले, तेव्हा या नव्या देशाला फुटबॉल कोणी शिकवला हे जगाला कळले. जे फिफाच्या दृष्टीने काल नव्हते, त्यांच्याच घडवलेल्या संघाने ही किमया केली होती.

अल्जेरियाच्या फुटबॉलमध्ये पुढे प्रशिक्षक, मार्गदर्शक म्हणून या संघातील अनेकांची नावे येतात. करमाली यांच्या मार्गदर्शनाखाली अल्जेरियाने १९९० मध्ये आफ्रिकेचा चषक जिंकला. झितुनी यांचे नाव अल्जेरियात आदराने घेतले गेले, पण जगाच्या फुटबॉलच्या पुस्तकांत ते लहान अक्षरांत राहिले. फ्रान्सकडून चार सामने आणि पुढे अल्जेरियाकडून थोडे सामने, एवढीच अधिकृत नोंद. मधल्या चार वर्षांतील ऐंशीहून अधिक सामने अधिकृत हिशेबात धरले जात नाहीत. ५ जानेवारी २०१४ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले ते फ्रान्समधील नीस शहरात. १९५८ च्या एप्रिलमध्ये ज्या मोनॅकोतून ते निघाले होते, ते तिथून काही मैलांवर आहे.

रोजा ठेवणारा माणूस दिवसभर जे सोडतो, ते काही हराम नसते. पाणी हलाल आहे, भाकरी हलाल आहे, ती स्वतःच्या कष्टाची आहे. तरीही एका मोठ्या हेतूसाठी तो ती सूर्यास्तापर्यंत बाजूला ठेवतो. झितुनी यांनी जे सोडले तेही असेच होते. मोनॅकोचा पगार त्यांनी घाम गाळून कमावला होता. फ्रान्सच्या संघातली जागा त्यांना कोणी दानात दिली नव्हती. विश्वचषकात खेळण्यात कोणताही गुन्हा नव्हता. त्या सगळ्यावर त्यांचा पूर्ण हक्क होता आणि तो हक्क त्यांनी एका रमजानच्या अखेरीस आपल्या लोकांसाठी सोडला. रोजेदाराला संध्याकाळी इफ्तार मिळते. खेळाडूला त्याची उमेदीची वर्षे पुन्हा मिळत नाहीत, आणि हे झितुनी यांना निघताना माहीत होते.